नको म्हणण्याची लेडवर्ड पद्धत

ह्यूबर्ट लेडवर्डचे वडील मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारच्या जेवणाआधी वारले, आणि जेवणाची भांडी उचलली जायच्या आत ह्यूबर्टच्या उरलेल्या आयुष्याचं काय करायचं हे घरात ठरूनही गेलं. ह्यूबर्ट तेव्हा तिथे नव्हता. तो दूर लंडनमध्ये, मॅलिंडरांच्या पेढीत, एका लोकरीच्या व्यापाऱ्याचं बोलणं ऐकत होता आणि या माणसाला कर्ज द्यावं की नाही याचा विचार करत होता. व्यापारी फार छान बोलत होता. म्हणूनच देऊ नये, असं ह्यूबर्टला वाटू लागलं होतं.

अशा गोष्टी त्याला कळत. त्याच्या घराण्यात दुसऱ्या कुणाला त्या कळत नसत, आणि त्या कळण्याला काही किंमत आहे असंही कुणी मानत नसे. लेडवर्ड म्हणजे राजकारण. पणजोबा मंत्री, आजोबा मंत्री, वडील दोनदा मंत्री आणि मग लॉर्ड. कोलबोर्न मतदारसंघाची पार्लमेंटातली जागा इतकी वर्षं त्यांच्याकडे होती की तिथले लोक मत द्यायला जात ते शेजाऱ्यांची भेट होते म्हणून. वडील लॉर्ड झाल्यावर ती जागा थोरल्या राल्फकडे आली. ह्यूबर्ट धाकटा. घरात जास्त झालेलं कपाट माळ्यावर टाकावं तसं त्याला पेढीत टाकलं होतं. तिथे तो रमेल असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, पण तो रमला.

मॅलिंडरांच्या पेढीत सहा भागीदार, आणि सहाही जण एकाच खोलीत बसत. खोलीला शेकोटी एकच. नवा भागीदार दाराशी बसे, जिथे वारा घोट्यांना झोंबे. वरचा कुणी निवृत्त झाला किंवा गेला की प्रत्येक जण एक टेबल पुढे सरके. शेकोटीजवळच्या टेबलाशी बसे तो पेढीचा प्रमुख. ह्यूबर्ट तिशीत दाराशी बसला होता आणि पन्नाशीला टेकताना शेकोटीपासून दुसऱ्या टेबलापर्यंत पोचला होता. पहिल्या टेबलाशी म्हातारे मि. मॅलिंडर होते, आणि येत्या उन्हाळ्यात ते पेढी सोडून आपल्या मधमाश्यांकडे जाणार होते. मग ते टेबल ह्यूबर्टचं. हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं. त्या खोलीत एकाचं बोलणं पाचांना ऐकू जाई, त्यामुळे महत्त्वाचं असं कुणीच काही बोलत नसे.

एक नियम मात्र सगळ्यांना ठाऊक होता. भागीदार राजकारणात पडला की त्यानं ही खोली सोडायची. निवडून आल्यावर नव्हे, पक्षानं त्याचं नाव पुढे केलं त्याच दिवशी. ज्याचं चित्त दोन ठिकाणी आहे त्याच्या हाती दुसऱ्याचे पैसे नसावेत, असं पेढीच्या मूळपुरुषाचं म्हणणं होतं. ह्यूबर्टला हा नियम फार आवडे. लेडवर्डांपासून लेडवर्डला वाचवणारी देशातली ही एकच तरतूद आहे, असं तो आपल्या बायकोला, फ्रीडाला, म्हणत असे.

अंत्यविधी शनिवारी होता. राल्फ आला तोच धुमसत. वडील गेल्याचं दुःख त्याला नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल, पण त्या दुःखाला अजून रांगेत उभं राहावं लागत होतं.

"पापांना मरायला हाच महिना सापडला," तो ओव्हरकोटही न काढता म्हणाला. "आणखी दोन महिने थांबले असते तर मंत्रिमंडळात होतो मी. मला शब्द मिळाला होता. आता बस लॉर्डांच्या सभागृहात, म्हाताऱ्यांच्या घोरण्यात."

"तू नाही म्हण ना. नको म्हणावं ती पदवी."

"ह्यूबर्ट, तुला खरंच काही माहीत नसतं की तू मुद्दाम करतोस? बाप गेला त्या क्षणी मी लॉर्ड झालो. मला कुणी विचारत नाही. गोवरासारखं आहे ते. आणि लॉर्डाला निवडून आलेल्यांच्या सभागृहात, कॉमन्समध्ये, बसता येत नाही. कोलबोर्नची जागा मंगळवारी दुपारपासून रिकामी आहे."

असं म्हणून त्यानं ह्यूबर्टकडे जरा जास्त वेळ पाहिलं. ह्यूबर्टला ते तेव्हाच खटकायला हवं होतं. पण तो वडिलांचा विचार करत होता. वडील त्याच्याशी फारसे कधी बोलले नव्हते, आणि आता ते राहूनच गेलं होतं.

दफनानंतर सगळे घरी परतले. पुढच्या पायऱ्यांसमोर कोलबोर्नची मंडळी जमली होती: कुळं, दुकानदार, पक्षाची माणसं, काळ्या हॅट घातलेल्या बायका. आत शेरी होती, हॅमची सँडविचं होती, पण रिवाजाप्रमाणे घरातल्या माणसानं पायऱ्यांवर उभं राहून दोन शब्द बोलल्याशिवाय कुणी आत येत नसे. राल्फ अभ्यासिकेत टेलिफोनवर होता. लॉर्ड व्हायचं काही आठवडे लांबवता येतं का, हे तो लंडनमध्ये कुणाला तरी मोठ्या आवाजात विचारत होता. वारा बोचरा होता.

"ह्यूबर्ट," आई म्हणाली, "तू बोल बाई दोन शब्द. लोक गारठलेत."

लेडी लेडवर्ड मुलांनाही 'बाई'च म्हणे. ह्यूबर्टनं आयुष्यात सहापेक्षा जास्त माणसांसमोर तोंड उघडलं नव्हतं. त्यानं हॅट काढली, समोरच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि जे खरं होतं ते बोलून मोकळा झाला.

"वडिलांनी तुमच्यासाठी जे केलं ते करण्याची माझी लायकी नाही. ती माझ्यात कधी नव्हती. तुम्ही आज इतक्या थंडीत आलात, मी आभारी आहे. आत चला."

मग पुरुषांच्या हॅट एकामागून एक उतरल्या, आणि हातमोज्यांतून दबलेल्या टाळ्या ऐकू आल्या. अंत्यविधीला टाळ्या म्हणजे काय, हे ह्यूबर्टला कळेना. पक्षाच्या स्थानिक शाखेचे अध्यक्ष कर्नल पॉटिंजर पायऱ्या चढून आले. त्यांचे डोळे भरले होते.

"शब्द न् शब्द तोच," ते म्हणाले. "तुझे वडील याच पायरीवर हेच बोलले होते. मी पोरगा होतो, बापाच्या खांद्यावर बसून ऐकलं होतं. तुझे आजोबाही. राल्फही हेच बोलला, पण त्यानं जरा घाई केली. तू मात्र, पोरा, अगदी मनापासून बोललास."

"कर्नल, मी फक्त पापांबद्दल..."

"कळतं, कळतं," कर्नल त्याचा दंड दाबत म्हणाले, आणि शेरीकडे गेले.

लेडवर्ड उमेदवार व्हायचा तो असाच. कुणी अर्ज करत नसे, कुणी इच्छा सांगत नसे. पायऱ्यांवर उभं राहायचं आणि आपण नालायक आहोत असं जाहीर करायचं. राल्फची पाळी आली तेव्हा ह्यूबर्ट पेढीच्या कामाला हॅम्बुर्गला होता, त्यामुळे हा समारंभ त्यानं पाहिलाच नव्हता. आपल्या घरात पन्नास वर्षं काढून आपल्याच घराची चाल माहीत नसावी, याबद्दल त्यानं स्वतःला मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं.

चहाच्या वेळी तो आईच्या खोलीत गेला. ती शाल पांघरून बसली होती आणि तिच्या दोन म्हाताऱ्या कुत्र्यांनी खोलीतल्या बऱ्या खुर्च्या अडवल्या होत्या. तो उभाच राहिला.

"ममा, एक घोटाळा झालाय. मला निवडणूक लढवायची नाही."

"नाहीच लढवायची. कोण लढवतं हौसेनं?"

"तसं नाही. मला खरोखर नको आहे. माझं पेढीत काम आहे."

"तुझ्या वडिलांचं गुलाबांचं होतं. त्यांनी सोडलं ना?"

"जूनमध्ये मी पेढीचा प्रमुख होणार आहे, ममा. मी त्यासाठी वीस वर्षं थांबलोय."

लेडी लेडवर्डनं कप खाली ठेवला. ती वाईट बाई नव्हती. फक्त तिला पेढी म्हणजे आपले चेक जिथे जातात ती जागा एवढंच माहीत होतं.

"असं बघ," ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "राल्फनंही त्याच्या वेळी हट्ट केला होता की नको म्हणून. तुझे वडील तर रात्रभर फिरत बसले होते बागेत. सगळ्यांचं असंच होतं. तुला जरा जास्त होतंय, कारण तू हळवा आहेस. एक बिस्कीट खा."

त्यानं बिस्कीट खाल्लं. खाता खाता त्याच्या लक्षात आलं की आपण गेल्या काही मिनिटांत तीनदा नाही म्हणालो आणि दर नाहीबरोबर आई जास्त समाधानी दिसू लागली.

सोमवारी सकाळच्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं: कोलबोर्नसाठी आणखी एक लेडवर्ड. भागीदारांच्या खोलीत शिरताना ह्यूबर्टनं पाहिलं की पाचही जण एकदम कागदांत बुडालेत. दाराशी बसणारा तरुण भागीदार क्विल त्याच्या टेबलाकडे पाहत होता. पाहत म्हणजे, शेकोटीची ऊब तिथपर्यंत किती पोचते याचा अंदाज घेत होता. मि. मॅलिंडरांनी घसा साफ केला.

"लेडवर्ड, वडिलांचं ऐकून वाईट वाटलं."

"आभारी आहे."

"आणि, हं, ते दुसरंही वाचलं. अभिनंदन म्हणायला हवं, नाही का?"

"ती चूक आहे, मि. मॅलिंडर. मी उभा राहणार नाही."

"बरोबर, बरोबर," मि. मॅलिंडर हसून म्हणाले. कोलबोर्नमध्ये आईच्या चेहऱ्यावर होतं तसंच समाधानी हसू. "तुमच्या वडिलांना मी ओळखत होतो. तेही असंच म्हणत. आम्हाला काही घाई नाही. पक्षाच्या समितीची बैठक कधी आहे?"

"येत्या शुक्रवारी."

"मग शुक्रवारपर्यंत टेबल तुमचंच आहे. त्यानंतर, तुम्हाला नियम माहीतच आहे. आम्हाला चुकल्यासारखं होईल, लेडवर्ड. तुम्हाला माणूस चांगला कळतो."

वीस वर्षांत त्या खोलीत त्याला मिळालेली ही पहिली शाबासकी. आणि ती निरोपाची.

त्यानं कर्नलना टेलिफोन केला आणि स्वच्छ सांगितलं की माझं नाव काढून टाका. पलीकडून कर्नलांचं समाधानी हसणं आलं. "राल्फनं मला तीनदा फोन केला होता. तू आत्ता पहिल्यांदाच करतोयस." ह्यूबर्टनं जरा आवाज चढवून सांगितलं की मला राजकारणातलं काही कळत नाही आणि भाषण करता येत नाही. "शाब्बास," कर्नल म्हणाले. "समितीसमोर हेच बोल. बायकांना आवडेल." ह्यूबर्टनं सांगितलं की माझी प्रकृती बरी नसते. "आजोबांनाही दमा होता," कर्नल म्हणाले. "चार निवडणुका काढल्या त्या दम्यावर."

रिसीव्हर ठेवल्यावर ह्यूबर्ट बराच वेळ त्या काळ्या यंत्राकडे पाहत राहिला. फ्रीडा शेजारी बसून मोजे विणत होती.

"तू शिव्या का देत नाहीस त्याला?" तिनं विचारलं.

"शिव्या दिल्या तर म्हणेल आजोबाही द्यायचे."

"द्यायचे का?"

"भरपूर."

फ्रीडा हसली आणि पुन्हा विणू लागली. तिला लंडनमधलं छोटं घर आवडत होतं. कोलबोर्नला गेलं की उमेदवाराच्या बायकोला फुलांच्या प्रदर्शनात भोपळ्यांचं वजन बघत उन्हात उभं राहावं लागतं, हे तिनं राल्फच्या बायकोकडून ऐकलं होतं.

"तू गेलाच नाहीस शुक्रवारी तर?"

"तर म्हणतील बिचारा दुःखात आहे. गैरहजेरीत नाव पक्कं करतील. आजोबांचं असंच केलं होतं."

बुधवारी राल्फ लंडनला आला आणि ह्यूबर्टला आपल्या क्लबात जेवायला घेऊन गेला. लॉर्ड झाल्यापासून वेटर त्याला आणखी वाकून नमस्कार करत, आणि प्रत्येक नमस्कारागणिक राल्फचा चेहरा आंबट होई. मटण गार होतं, कोबी उकडून उकडून पांढरा पडला होता. राल्फनं सूचनांचा मारा सुरू केला: कुणाला कुठल्या नावानं हाक मारायची, कुठल्या पबात बिअर प्यायची, कुठल्या पाद्र्याशी वाद घालायचा नाही.

"आणि त्या पार्सन्सच्या सासूला कधीही..."

"राल्फ, मला ऐकायचं नाही. मला उभं राहायचंच नाही."

"हे माझ्याशी नको बोलूस, माझ्याकडे मत नाही आता." राल्फनं कोबी बाजूला सारला. "तुझं बरं आहे. पहिल्याच फटक्यात जमलं. मला तर भीती होती तू काहीतरी हुशारीचं बोलशील. तो बॅसिंग्टन आठवतो का, साबणवाला?"

"नाही."

"माझ्या वेळी तोही आला होता समितीसमोर. चांगला माणूस, पैसेवाला, रोजगाराचा सगळा अभ्यास करून आलेला. पॉटिंजरनं विचारलं, तुम्हाला का वाटतं आम्ही तुम्हाला निवडावं? तर हा म्हणाला, कारण मला हे काम मनापासून हवं आहे आणि मी ते चांगलं करीन." राल्फ खुसूखुसू हसू लागला. "पॉटिंजर अजून ती गोष्ट सांगताना आवाज खाली करतो. एका बाईनं म्हणे खुर्ची मागे सरकवली. बॅसिंग्टनला शेवटी कॅनडाला जावं लागलं."

"त्याच्यामुळे?"

"नाही, साबणामुळे. पण तरी."

ह्यूबर्टनं काटा खाली ठेवला. आठवड्यात पहिल्यांदाच त्याला भूक लागली. त्यानं गार मटण सगळं संपवलं आणि वर खीर मागवली. राल्फ त्याच्याकडे संशयानं पाहू लागला, पण तेवढ्यात आणखी एक वेटर वाकला आणि त्याचं लक्ष उडालं.

शुक्रवारी दुपारी कोलबोर्नच्या धान्य बाजारामागच्या सभागृहात समिती जमली. चहाचा मोठा पिंप एका कोपऱ्यात गुरगुरत होता. लांब टेबलामागे कर्नल, त्यांच्या दोन्ही बाजूंना शाखेची मंडळी; भिंतीशी खुर्च्यांवर बायका; पहिल्या रांगेत काळ्या वेषातली लेडी लेडवर्ड आणि तिच्या शेजारी फ्रीडा. ह्यूबर्टच्या आधी दोन जण बोलून गेले होते, ते केवळ औपचारिक. त्यांपैकी एक कर्नलांचा पुतण्या, घोड्यांचा डॉक्टर. तो म्हणाला की मला यातलं काही कळत नाही, आणि ते खरंच होतं.

ह्यूबर्ट उभा राहिला. व्यापाऱ्याला नाही म्हणायला धैर्य लागत नाही, आपल्याच आईसमोर हो म्हणायला लागतं, हे त्याला कधी वाटलं नव्हतं.

"मि. लेडवर्ड," कर्नल प्रेमळपणे म्हणाले, "रिवाज म्हणून विचारतो. ही जागा तुम्हाला द्यावी असं तुम्हाला वाटतं का?"

"हो," ह्यूबर्ट म्हणाला. "वाटतं. मला ती हवी आहे."

कुणीतरी चमचा बशीत ठेवला तो आवाज साऱ्या सभागृहात ऐकू गेला.

"म्हणजे," कर्नल म्हणाले, "तुमच्यावर ती जबाबदारी येऊन पडली तर..."

"येऊन पडायची वाट कशाला बघायची? मला हवीच आहे. लहानपणापासून हवी होती. मी राल्फपेक्षा लायक आहे, हे मला तेव्हापासून माहीत होतं."

एवढंच बोलून बसायचं असं त्यानं ठरवलं होतं. पण तोंड थांबेना. सहा माणसांच्या खोलीत वीस वर्षं गिळलेलं सगळं घशाशी आलं होतं.

"राल्फला आकडे कळत नाहीत. अर्थसंकल्पाच्या दिवशी तो काय बोलायचं ते मला विचारायचा आणि मग त्यातला अर्धा भाग उलटा बोलायचा. पापा तर त्या दिवशी झोपायचे. मी झोपणार नाही. दोन वर्षांत मंत्री होईन, पाच वर्षांत अर्थमंत्री. त्यापलीकडचंही मी ठरवून ठेवलंय."

कर्नलांचा चेहरा हळूहळू विटेच्या रंगाचा झाला. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता परत ठेवला.

"तुम्हाला... हवी आहे," ते पुन्हा म्हणाले, जणू काही समोरच्यानं कपडे काढून ठेवले होते आणि त्याकडे दुर्लक्ष कसं करायचं हे त्यांना सुचत नव्हतं.

"अतोनात."

भिंतीकडच्या मिसेस टॅपली सभ्यपणे मदतीला धावल्या. "मिसेस लेडवर्डना आमच्या फुलांच्या प्रदर्शनात रस असेलच. भोपळ्यांचं परीक्षण दर वर्षी..."

"तिला वेळ होणार नाही," ह्यूबर्ट म्हणाला. "मंत्र्यांच्या बायका भोपळे बघत नाहीत."

फ्रीडानं रुमाल तोंडाला लावला. लोकांना वाटलं ती रडतेय.

ह्यूबर्टला बाहेर थांबायला सांगितलं. फार वेळ लागला नाही. कर्नल स्वतः बाहेर आले. लहानपणी ते त्याला खांद्यावर घेऊन कोल्ह्याची शिकार दाखवायला न्यायचे; आज ते दोन पावलं लांब उभे राहिले.

"मि. लेडवर्ड, समितीनं दुसरा विचार केला आहे. माझा पुतण्या. तो फार नको नको म्हणाला, पण आम्ही त्याचं मन वळवलं." मग त्याच्याकडे न पाहता ते म्हणाले, "तुमचे वडील हे ऐकायला नव्हते, हे एक बरं झालं."

परतताना गाडीत फ्रीडा पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती. मागे ह्यूबर्ट आणि आई. दोन्ही बाजूंना ओली कुरणं होती, मेंढ्या होत्या. घर जवळ आलं तशी लेडी लेडवर्ड म्हणाली, "राल्फबद्दल जे बोललास ते खरं होतं."

"ममा, मी ते केवळ..."

"खरं होतं. तुझे वडील मला एकदा म्हणाले होते, धाकट्याला डोकं आहे. पण असं बोलायचं नसतं."

ह्यूबर्टनं तिच्याकडे पाहिलं. वडील असं म्हणाले होते. कधी, कुठे, कशावरून, हे त्याला शंभर प्रश्न विचारायचे होते. आईनं हातमोजे नीट केले.

"तुला इतकं हवं होतं तर लहानपणीच सांगायचंस," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कापला. "आम्ही राल्फला पेढीत घातलं असतं. मला काय माहीत? तू कधी बोललाच नाहीस. इतकी वर्षं मनात ठेवून बसलास."

"मला नको होती, ममा. कधीच नको होती. आज मी खोटं बोललो, म्हणजे त्यांनी मला सोडावं म्हणून."

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. असं तिनं तो शाळेत गेल्यापासून केलं नव्हतं.

"हो, बाई," ती म्हणाली. "तसंच म्हणू आपण."

पुढच्या सीटवर फ्रीडाचे खांदे हलत होते. आई तिच्याकडे पाहून हलकेच मान हलवत होती, की बघ, बिचारीलाही किती लागलंय.

सोमवारी ह्यूबर्ट भागीदारांच्या खोलीत शिरला तेव्हा पाचही जण उठून उभे राहिले. हे त्या खोलीत कुणाही जिवंत माणसासाठी झालं नव्हतं. मि. मॅलिंडर शेकोटीकडे पाठ करून उभे होते.

"लेडवर्ड, ऐकलं. माझा एक चुलतभाऊ त्या भागात राहतो. तो म्हणाला, तुम्ही फार... मनापासून बोललात."

मनापासून बोलणाऱ्याबद्दल त्या खोलीत दारू प्यायलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं बोललं जाई.

"मि. मॅलिंडर, गैरसमज आहे. मला पेढी सोडायची नव्हती. म्हणूनच मी..."

"अर्थात," मि. मॅलिंडर घाईनं म्हणाले. क्विल खिडकीबाहेर बघू लागला. बाकीच्यांनी कागद उचलले. सहा माणसांच्या खोलीत पाच माणसं एका माणसाला एकटं सोडायचा प्रयत्न करत होती, आणि तशी सोय त्या खोलीत नव्हती. "अर्थात नव्हती. आम्ही त्यावर परत बोलणार नाही. मी एवढंच म्हणणार होतो, की मी जूनची वाट बघत नाही. मधमाश्या आतापासूनच उडायला लागल्यात. तुम्ही आजपासून इकडे बसा. शेकोटीजवळ. कामात मन गुंतलेलं बरं."

आणि ह्यूबर्ट लेडवर्ड मॅलिंडरांच्या पेढीचा प्रमुख झाला. ज्या टेबलासाठी तो वीस वर्षं थांबला होता, ते त्याला सांत्वन म्हणून मिळालं.

पहिल्या महिन्यात त्यानं ही गोष्ट सगळ्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. क्विलला सांगितलं. क्विलनं खोकल्याच्या गोळ्यांचा डबा पुढे केला. आपल्या शिंप्याला सांगितलं. शिंप्यानं तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि म्हणाला की माझ्या मेव्हण्यालाही नगरपालिकेत असंच झालं. राल्फला तर त्यानं सगळं उलगडून सांगितलं, अगदी बॅसिंग्टनपासून. राल्फ म्हणाला, "मला आकडे कळत नाहीत, हे मात्र तू बोलायला नको होतंस," आणि त्यानंतर दोन्ही भावांत नाताळपर्यंत बोलणं झालं नाही. फ्रीडाला खरं माहीत होतं, पण तिच्या शब्दाला किंमत नव्हती. बायको आपल्या माणसाची बाजू सावरणारच.

जेवणाच्या टेबलावर लोक राजकारणाचा विषय निघाला की त्याच्याकडे चोरून पाहत आणि मग गुलाबांवर बोलू लागत. आईनं त्याच्या वाढदिवसाला आजोबांचं मंत्रिपदाच्या वेळचं एक पेन पाठवलं. त्या पेनानं लिहिलं की शाई गळे.

सप्टेंबरात हल बंदराचा एक जहाजमालक कर्ज मागायला आला. रुंद, तांबूस चेहऱ्याचा माणूस. हात हमालासारखे. खुर्चीत बसल्यावर त्यानं खोलीकडे पाहिलं, शेकोटीकडे पाहिलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्याबद्दल ऐकलं, मि. लेडवर्ड. थोडक्यात हुकलं म्हणे."

मागच्या पाच टेबलांवरची पेनं थांबली, दाराशी आलेल्या नव्या भागीदाराचंही. ह्यूबर्टनं तोंड उघडलं. पेढी, समिती, कर्नल, साबणवाला, सगळं पहिल्यापासून सांगायला लागणार होतं, आणि शेवटी हा माणूसही हळूच मान हलवणार होता. शिवाय याच्या डोळ्यांत काहीतरी होतं. हा सरळ बोलणारा माणूस होता. याला कर्ज द्यायला हरकत नव्हती.

"हो," ह्यूबर्ट म्हणाला. "थोडक्यात हुकलं."

जहाजमालकानं सहानुभूतीनं उसासा टाकला. मागे पाच पेनं पुन्हा चालू झाली, जरा मोकळ्या मनानं.

"आता सांगा," ह्यूबर्ट खुर्ची पुढे ओढत म्हणाला, "जहाज किती जुनं आहे?"